बंद पडलेल्या कारंज्याचे रूपांतर: एका बागकाम-सेवेविषयी वर्षभरानंतरचा अभिप्राय

आमच्या बागेत मधोमध तीन थाळ्यांचे एक कारंजे आहे. वडिलांनी ते हौसेने बसवून घेतले होते आणि पुष्कळ वर्षे ते उत्तम चालले. पुढे पंप दोनदा जळाला, तिसऱ्यांदा तो दुरुस्तीला देण्याचा उत्साह कोणात उरला नाही, आणि खालच्या कुंडात पावसाचे पाणी, कुजकी पाने व हिरवट शेवाळ साचू लागले. दर आठवड्याला बादलीने पाणी उपसायचे, चार दिवसांत ते पुन्हा साचायचे, असा क्रम मी दोन वर्षे चालवला. कारंजे तोडून टाकण्याचा विचार मनाला पटत नव्हता आणि ते तसेच ठेवणेही बरोबर नव्हते. अखेर जुनी तळी, हौद आणि कारंजी यांचे कोरड्या बागेत रूपांतर करून देणाऱ्या एका सेवेला मी हे काम दिले. त्यालाही आता वर्ष झाले. हा अभिप्राय मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे, कारण नुकतीच लावलेली रोपे पहिल्या दिवशी सर्वांनाच सुंदर दिसतात. काम चांगले झाले की नाही, हे एक कडक उन्हाळा आणि एक भरपूर पावसाचा काळ उलटल्यावरच कळते.

पहिल्या भेटीत त्यांच्या मुख्य कारागिराने मला एकही छायाचित्र दाखवले नाही, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. त्याने प्रश्न विचारले: पाणी कोण घालणार, आठवड्यातून किती वेळ देता येईल, घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी आहेत का, आणि पुढे कधी हे कारंजे पुन्हा चालू करण्याची इच्छा होईल का. त्यानंतर तो सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी असा एकाच दिवसात तीनदा आला आणि प्रत्येक वेळी वरच्या थाळीची सावली खालच्या कुंडात कोठे पडते, ते त्याने खडूने रेघ मारून ठेवले. संध्याकाळपर्यंत कुंडाच्या आतल्या बाजूला तीन वेगवेगळ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. कारंजे स्वतःच स्वतःवर सावली धरते, त्यामुळे एकाच कुंडात भाजून काढणारे ऊन आणि दिवसभराची सावली या दोन्ही जागा असतात, ही गोष्ट इतकी वर्षे ते कारंजे डोळ्यांसमोर असूनही माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

पर्याय त्यांनी तीन-चार सांगितले. नवा पंप बसवून पाणी गोट्यांखालच्या बंद टाकीत जिरवायचे आणि तेथूनच फिरवायचे, म्हणजे उघडे पाणी राहत नाही, हा एक. कुंड चिखलाचेच ठेवून पाणथळ जागी वाढणारी झाडे लावायची, हा दुसरा. नुसते गोटे भरून ठेवायचे, हा तिसरा. पहिल्यात पंपाची देखभाल पुन्हा आलीच, दुसऱ्यात सतत ओल राखावी लागते, आणि तिसऱ्यात गोट्यांच्या फटींत पाणी साचून डास व्हायचे ते होतातच. म्हणून पाणी अजिबात न धरणारी, मांसल पानांच्या झाडांची मांडणी करावी, असे ठरले.

डासांचा मुद्दा मी जरा विस्ताराने लिहिते, कारण माझ्यासाठी या कामाचे खरे कारण तेच होते. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे पाणी उपसण्यात एखाद्या आठवड्याची जरी चालढकल झाली, तरी एक पिढी उडून जाते. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणजे मी दोन वर्षे पाणी उपसत होते खरी, पण भिंत कधीच घासत नव्हते. या लोकांनी कुंड रिकामे केल्यावर पहिले काम केले ते भिंतींचे: पाण्याची जुनी रेघ जेथे दिसत होती, त्या पट्ट्यावर कडक कुंचल्याने दोन माणसे तासभर घासत होती, आणि तो निघालेला गाळ त्यांनी गटारात किंवा वाफ्यात न टाकता पिशव्यांत भरून उन्हात पसरला व नंतर टाकून दिला. उपसण्याआधी गाळात हात घालून बेडूक किंवा अन्य काही जीव आहेत का, हेही त्यांनी पाहिले. दोन बेडूक निघाले, ते बागेच्या ओल्या कोपऱ्यात सोडले.

विजेच्या बाबतीत त्यांची शिस्त मला विशेष आवडली. पंप काढून तार कापून टाकावी आणि टोक मातीत दाबावे, असा प्रकार मी इतरत्र पाहिलेला आहे, आणि तो धोकादायक आहे, कारण पुढे कोणीतरी त्याच ठिकाणी खुरपे चालवते. यांनी परवानाधारक वायरमन आणल्याशिवाय कामाला हात लावला नाही. त्याने मुख्य पेटीतूनच ती जोडणी सोडवली, जमिनीखालची सगळी तार ओढून काढली आणि पेटीतल्या रिकाम्या जागेवर चिठ्ठी चिकटवली. या एका गोष्टीसाठी अर्धा दिवस गेला, पण तो योग्य कारणी लागला.

थाळ्यांच्या कडांवर क्षारांचा पांढरा थर जाड बसला होता. तो एकदम उडवण्यासाठी तीव्र आम्ल वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. आमचे कारंजे ओतीव सिमेंटचे आहे, आणि जे आम्ल तो थर विरघळवते तेच सिमेंटही खाते. संगमरवर असेल तर त्याची झिलई कायमची जाते. त्यांनी आधी लाकडी पट्टीने जेवढा निघेल तेवढा थर खरवडला, मग पातळ केलेले व्हिनेगर एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहिले, आणि नंतरच बाकीच्या भागावर थोडे थोडे वापरून लगेच धुऊन काढले. काही डाग राहिले. ते राहू द्यावेत, असे मीच सांगितले, कारण पाणी जेथून ओघळत असे त्या रेषा त्या डागांमुळे अजून दिसतात.

आता मुख्य कामाकडे येते. कारंजे ही पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेली वस्तू असते. तिच्यात कमी पाण्यावर जगणारी झाडे लावायची, तर त्याच वस्तूकडून पाणी सोडून देण्याचे काम करून घ्यावे लागते, आणि रूपांतराचे यशापयश शेवटी या एकाच बाबीवर ठरते. रोपे, खडे, रंगसंगती हे सगळे त्यानंतरचे. ही सेवा निवडताना मला सर्वांत जास्त विश्वास वाटला तो त्यांच्या भोके पाडण्याच्या पद्धतीमुळे, आणि पुढे सर्वांत मोठी तक्रार झाली तीही त्याच बाबतीत.

वरच्या दोन थाळ्यांना त्यांनी नळीभोवती प्रत्येकी तीन भोके पाडली. ड्रिलची हातोड्याची गती बंद ठेवली होती, हिऱ्याच्या धारेची पोकळ गोल बिट लावली होती, आणि एक मुलगा बाटलीने थेंब थेंब पाणी सोडत होता, म्हणजे बिट तापत नाही आणि धूळही उडत नाही. दुसऱ्याने थाळीच्या खालून लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरला होता. बिट आरपार होताना खालच्या बाजूचा पापुद्रा उडू नये, यासाठी तो आधार असतो. पांढरट राबडी ओघळत होती, आवाज हळूहळू पोकळ होत गेला, आणि शेवटी पेल्याच्या तळाएवढी सिमेंटची एक चकती त्याच्या हातात पडली. तडा एकही गेला नाही. अशी सहा भोके पाडायला जवळपास दुपार गेली, आणि त्या सगळ्या वेळात कोणी घाई करताना मला दिसले नाही. मधली उभी नळी मात्र त्यांनी तशीच ठेवून वरून फक्त बूच मारले. भोकेही उद्या बूच आणि सीलंट लावून बुजवता येतील, असे त्यांनी दाखवून दिले. वडिलांचे कारंजे कायमचे मोडले नाही, हे समाधान माझ्यासाठी मोठे आहे.

वजनाचा विचारही त्यांनी आपणहून काढला. मधली थाळी सुमारे ४० लिटरची आहे, म्हणजे तिच्यात पूर्वी ४० किलो पाणी असे. तिच्यात बागेतली साधी माती भरली असती, तर भिजल्यावर तीच थाळी ७० किलोच्या घरात गेली असती, आणि तो सगळा भार मधल्या सडपातळ खांबावर आला असता. त्यांनी १० लिटरची बादली घेऊन आपले मिश्रण तिच्यात भरले, ते पूर्ण भिजवले, निथळू दिले आणि माझ्यासमोर वजनकाट्यावर ठेवले: भरले १२ किलो. मिश्रणात तीन भाग प्युमिस, बारीक खडी आणि भरड वाळू, आणि एक भाग कोकोपीट व गांडूळखत होते. प्युमिस हा ज्वालामुखीतून निघालेला सच्छिद्र दगड. त्याचा एक खडा त्या मुलाने बादलीतल्या पाण्यात टाकला आणि तो लाकडासारखा तरंगत राहिला.

बहुतेक जण कुंडीच्या तळाला खडीचा जाड थर देतात आणि त्याने निचरा होतो असे मानतात. मीही तसेच मानत होते, आणि तो थर का देत नाही, असे त्यांना विचारले. कारागिराने उत्तर देण्याऐवजी भांडी घासायचा स्पंज मागवला. तो पाण्यात बुडवून त्याने आडवा धरला. काही थेंब गळले आणि गळती थांबली. मग तोच स्पंज त्याने उभा धरला, तर खालच्या कोपऱ्यातून पुन्हा पाणी गळू लागले. “ताई, माती म्हणजे हा स्पंज. खाली खडी ठेवली तरी स्पंज आपल्या तळाला जेवढे पाणी धरायचे तेवढे धरतोच, खडीमुळे फक्त तो तळ वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो,” असे तो म्हणाला. बारीक कणांच्या थरातून पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते तेथेच अडून राहते. म्हणून कुंडात तळापासून वरपर्यंत एकच भरड मिश्रण भरायचे, भोकांवर फक्त जाळीचा तुकडा ठेवायचा, आणि खोलीचा फायदा घ्यायचा. इतक्या सोप्या रीतीने ही गोष्ट मला आजवर कोणी समजावली नव्हती.

रोपांची निवड खडूच्या त्या रेघांवरून झाली. भर उन्हाच्या पट्ट्यात बुटका अगेव्ह, सेडमचे दोन प्रकार आणि एचिव्हेरियाची गुलाबासारखी पसरलेली रोपे. मधल्या थाळीखालच्या कायम सावलीत हवर्थिया आणि एक स्नेक प्लांट. मधल्या थाळीच्या कडेवरून खाली लोंबणारा सेडम मॉर्गेनियानम, ज्याच्या माळा पाणी ओघळावे तशा दिसतात. मला स्वतःला मोत्यांच्या माळेसारखी दिसणारी वेल सर्वांत वरच्या थाळीत हवी होती. दुपारचे थेट ऊन तिचे मणी भाजून टाकेल, असे सांगून त्यांनी ती मधल्या थाळीच्या सावलीच्या बाजूला लावली, आणि तेथे ती उत्तम वाढली आहे. युफोर्बियाची एकही जात त्यांनी घेतली नाही, कारण तिचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो आणि आमच्याकडे लहान मुलांचे येणे-जाणे असते. पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न त्यांनी लक्षात ठेवला होता.

ही झाडे कमी पाण्यावर का भागवतात, हेही येथे सांगण्याजोगे आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात आणि त्याच वेळी उन्हात त्यांची पुष्कळ ओल उडून जाते. मांसल पानांची ही झाडे बहुतांशी ती छिद्रे रात्री उघडतात, रात्रीच कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून घेऊन त्यावर अन्न तयार करतात. या पद्धतीला क्रॅस्युलेसी या कुळावरूनच नाव मिळाले आहे, आणि एचिव्हेरिया व सेडम दोन्ही त्याच कुळातली आहेत. मात्र याचा अर्थ त्यांना पाणी नकोच असते, असा नाही. त्यांना ते एकदम भरपूर हवे असते आणि मग मुळांशी पूर्ण कोरडे व्हायला वेळ हवा असतो.

वरून त्यांनी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा थर दिला. खालच्या पानांना ओल्या मातीचा स्पर्श होत नाही आणि पावसात माती उडून पाने मळत नाहीत, एवढ्यासाठीच तो असतो. येथे एका बाबतीत माझे त्यांच्याशी जमले नाही. कुंडात पाण्याचा भास व्हावा म्हणून निळ्या काचेचे मणी पसरावेत, असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी दोनदा केला. निळी काच पाण्यासारखी दिसत नाही, ती निळ्या काचेसारखीच दिसते, आणि धूळ बसली की तीही दिसत नाही. मी राखाडी खडीच पसंत केली. सेडमच्या माळा पाण्याची आठवण पुरेशी करून देतात.

कमतरता एकच जाणवते, आणि ती भरून निघणारी नाही: पाण्याचा आवाज गेला. संध्याकाळी खिडकी उघडली की जो संथ आवाज घरात येत असे, तो या मांडणीत नाही, आणि कारंजे बंद पडून बरीच वर्षे झाली असली तरी झाडे लावल्यावर त्याची उणीव अधिक जाणवली. ज्यांना कारंजे मुख्यतः त्या आवाजासाठी प्रिय आहे, त्यांनी हा मार्ग घेण्याआधी बंद टाकीच्या पर्यायाचा नीट विचार करावा.

आता तक्रार. खालचे कुंड दीड मीटर व्यासाचे आणि ४० सेंटिमीटर खोल, म्हणजे सुमारे ७०० लिटरचे आहे. त्याला त्यांनी तळाच्या पातळीवर, भिंतीत, एकच मोठे भोक पाडले आणि ते फुलांच्या वाफ्याकडच्या बाजूला ठेवले, म्हणजे बाहेर पडणारे पाणी वाया जाणार नाही. कल्पना चांगली होती. पण इतक्या वर्षांत कुंड विरुद्ध बाजूला किंचित खचलेले होते, आणि ते कोणीही तपासले नाही. सलग पावसाचा काळ आला आणि तिसऱ्या आठवड्यात त्या विरुद्ध बाजूच्या एचिव्हेरियांची खालची पाने पिवळी, काचेसारखी आरपार दिसणारी आणि बोट लावताच गळून पडणारी झाली. मी बांबूची एक काडी त्यांच्या मुळाशी तळापर्यंत खुपसली आणि बाहेर काढली. वरचे अर्धे टोक कोरडे होते, खालची चार बोटे काळपट ओली होती आणि त्यांना आंबूस वास येत होता. वाफ्याकडच्या बाजूला तीच काडी जवळपास कोरडी निघाली.

दूरध्वनीवर त्यांच्या कार्यालयातून पहिले उत्तर आले की ताई, तुमच्याकडून पाणी जास्त घातले गेले असेल. तीन आठवडे मी झारीला हातही लावलेला नव्हता, सगळे पाणी आकाशातून आलेले होते, हे मी तीनदा सांगितले. माणूस पाठवायला त्यांना ११ दिवस लागले, आणि तेवढ्या दिवसांत एकूण नऊ रोपे मुळकुजीने गेली. पाऊस चालू असताना मुळाशी पाणी तुंबल्याची तक्रार ११ दिवस पडून राहू शकते, हे अशा सेवेला शोभणारे नाही. मी याबद्दल त्यांना तेव्हाही स्पष्ट बोलले आणि येथेही तेवढ्याच स्पष्टपणे लिहिते.

मात्र तो मुख्य कारागीर स्वतः आल्यावर त्याने काय केले, हेही सांगितले पाहिजे. त्याने वाद घातला नाही. माती उकरून कुंडाच्या तळाला हात लावला, मग पारदर्शक लेव्हल नळीत पाणी भरून तिची दोन टोके कुंडाच्या समोरासमोरच्या कडांना धरली. नळीतले पाणी स्थिरावले तेव्हा एका बाजूला ते कडेच्या बरोबरीला होते आणि दुसऱ्या बाजूला कड पाण्याखाली दोन बोटे गेली होती. “चूक आमची आहे. माती भरण्याआधी ही नळी लावायला हवी होती,” असे तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या बाजूची सगळी रोपे आणि मिश्रण बाहेर काढले, खचलेल्या बाजूला आणखी दोन भोके पाडली, बाहेरून वाफ्यापर्यंत खडी भरलेला एक उथळ चर खणला, आणि माती परत भरण्याआधी कुंडात चार बादल्या पाणी ओतून शेवटचा थेंब कोठून निघतो, ते बसून पाहिले. गेलेली रोपे त्यांनी नवी आणून लावली. त्यानंतर आणखी दोन आठवडे पाऊस झाला आणि काडी सगळीकडून सारखीच निघाली.

दुसरी तक्रार लहान आहे, पण अनेकांना उपयोगी पडेल. काम संपल्यावर त्यांनी देखभालीचा एक छापील कागद दिला. त्यात सर्व रोपांना आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, असे एकच वेळापत्रक होते. सर्वांत वरची थाळी जेमतेम ८ लिटरची आहे, तिला चारही बाजूंनी वारा लागतो आणि उन्हाळ्यात ती दोन-तीन दिवसांत वाळते. खालचे ७०० लिटरचे कुंड त्याच हवेत तीन आठवडे आतून ओलसर राहते. या दोन्हींना एकच नियम लावला, तर वरचे झाड सुकते किंवा खालचे कुजते. इतकी बारीक पाहणी करणाऱ्यांनी असा सरसकट कागद द्यावा, हे मला खटकले. मी तो बाजूला ठेवला आणि प्रत्येक थाळीसाठी काडीने तपासून स्वतंत्र नोंद ठेवू लागले.

त्या नोंदीवरून सांगते की, वर्षभरात या मांडणीला माझे किती कष्ट लागले. उन्हाळ्यात वरच्या थाळीला आठवड्यातून दोनदा, मधल्या थाळीला एकदा आणि खालच्या कुंडाला महिन्यातून दोनदा झारीने पाणी घातले. पावसाच्या काळात अजिबात नाही. थंडीत तिन्ही ठिकाणी त्याच्या निम्म्याहून कमी. खडीवर धूळ आणि पाने साचून तिच्यात तण उगवते, ते दर पंधरवड्याला हाताने उपटावे लागते. लहान असताना ते चिमटीने निघते, मुळे धरली की खडी विस्कटते. खालची वाळलेली पाने काढत राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्याच आडोशाला पिठ्या ढेकूण वस्ती करतो. एकदा तो अगेव्हच्या बुंध्याशी कापसासारखा दिसला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने मी तो पुसून काढला, आठवड्याने पुन्हा पुसला, आणि मग तो आला नाही. एकूण आठवड्याला अर्धा तास पुरतो. देखभाल लागतच नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण पूर्वी बादलीने पाणी उपसण्यात माझा यापेक्षा जास्त वेळ जात असे आणि त्यातून हाती काहीच लागत नव्हते.

सेडमच्या माळांची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी: त्यांना जरा धक्का लागला की पाने मण्यांसारखी झडतात. जाण्या-येण्याच्या वाटेवरचे कारंजे असेल, तर ही निवड करू नये. आमच्याकडे वाऱ्याने झडलेली पाने खालच्या कुंडात पडली, आणि त्यांपैकी काहींना आपोआप मुळे फुटून खडीतून इवले कोंब वर आले आहेत. मी ते तसेच राहू दिले.

पाखरे कारंज्यावर पाणी प्यायला येत, ती झाडे लावल्यावर येईनाशी झाली होती. कुंडाच्या रुंद कडेवर एक उथळ मातीची ताटली ठेवावी आणि ती रोज ओतून, घासून पुन्हा भरावी, ही सूचना त्या कारागिराचीच. ताटली सुटी असल्यामुळे घासणे सोपे जाते आणि डासांना सवडच मिळत नाही. हा रोजचा एक मिनिटाचा व्याप मी आनंदाने करते.

जेथे थंडीत पाणी गोठते, अशा ठिकाणी हे काम करवून घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे कुंडाच्या आतला जुना जलरोधक लेप खरवडून टाकू देऊ नका. तो राहिला तर मातीतली ओल सिमेंटमध्ये मुरत नाही आणि तडे जाण्याचा धोका कमी होतो. निचरा भोकांतून व्हावा, भिंतींतून नव्हे. तेथे लावण्याच्या जातीही वेगळ्या निवडाव्या लागतील, कारण एचिव्हेरिया कडाक्याच्या थंडीत टिकत नाही, तर सेम्परव्हायव्हम बर्फातही टिकते. आणि काम कोणाकडूनही करून घ्या, माती भरण्याआधी कुंडात पाणी ओतून ते कोठे थांबते, हे स्वतः उभे राहून पाहा. हा अर्धा तास आम्ही सर्वांनी चुकवला आणि नऊ रोपे गमावली.

पाहणी, विजेचे काम, भोके पाडणे, मिश्रण आणि रोपांची निवड या बाबतींत या सेवेला मी मनापासून चांगले म्हणेन. तक्रारीला उत्तर देण्याच्या बाबतीत त्यांना पुष्कळ सुधारणा करावी लागेल. वरच्या थाळीतले मिश्रण दोन-तीन वर्षांनी दबते आणि रोपांची गर्दी होते, तेव्हा ती रिकामी करून पुन्हा भरावी लागणार आहे. ते काम मी त्याच कारागिराला सांगून ठेवले आहे, आणि येताना लेव्हल नळी बरोबर आणायची, हेही त्याने आपल्या वहीत लिहून घेतले आहे.